वास गेला

ध्यानबिन आपल्याला जमायचं नाही, हे मी काकांना पहिल्याच रविवारी तोंडावर सांगितलं होतं. आठवडाभर लोकांची धुणीभांडी करायची आणि सुट्टीच्या दिवशी मांडी घालून श्वास मोजायचा? काका हसले. मोजू नका, म्हणाले, नुसता कसा येतो ते बघा.

काका बोईसरच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. रिटायर झाल्यावर आमच्या चाळीमागच्या विहारात ध्यान शिकवायला लागले. आधी वंदना, मग अर्धा तास श्वास, आणि मग त्यांचं खरं काम. एकेकाला विचारायचे, आज श्वासाबरोबर काय आलं? कुणाचा खोकला, कुणाच्या डोळ्यांची जळजळ, नाल्याचा वास, सगळं वहीत उतरवायचे आणि आमच्या सह्या घेऊन प्रदूषण मंडळाच्या कचेरीत जायचे. आत शांत बसतो ते बाहेर गप्प बसण्यासाठी नव्हे, हे त्यांचं पालुपद. तिथल्या साहेबाने सुनावलं होतं म्हणे, ध्यान शिकवा, पुढारपण नको. तेव्हापासून विहारासमोर एक मोटारसायकलवाला नजर ठेवायला येऊन बसायचा. काका त्यालाही आत बोलवायचे. मी मात्र त्याच्याकडे न बघताच आत शिरायचे.

आमचे हे नाल्याला लागून असलेल्या कंपनीत. त्या रविवारी त्यांची पहिली पाळी होती, म्हणून मी एकटीच गेले होते. डोळे मिटले आणि सडक्या अंड्याचा वास आला. त्यात नवीन काही नव्हतं, पण तो वाढतच गेला, पार घशात उतरला. जे येईल ते बघा, हलू नका, असं काकांनीच शिकवलेलं. बसलो मग शहाण्यासारखे. बाहेर मोटारसायकल सुरू झाली आणि निघून गेली.

मग वास एकदम थांबला. शेजारची बाई पुटपुटली, गेला बाई एकदाचा. मलाही हायसं वाटलं. हवा अगदी स्वच्छ लागत होती.

काका ताडकन उठले. ध्यानातून मध्येच उठलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"उठा सगळे. वास गेला नाय. नाक मेलंय."

त्यांनी आम्हाला रेल्वे पुलाच्या चढावर पळवलं. हा गॅस वाढला की आधी नाक मारतो आणि मग माणूस, असं धापा टाकत सांगत होते. माझं लक्ष कुठे होतं? मी ह्यांना फोन लावत होते. तिसऱ्यांदा उचलला.

"इकडं पण होता मगाशी," हे म्हणाले. "आता गेला. साहेब म्हणतात, लागा कामाला."

मी बाहेर पळा म्हणून ओरडत राहिले, तर ह्यांचं एकच, अगं पण वासच नाय ना! काकांनी फोन ओढून घेतला आणि ह्यांना अशी शिवी हासडली की आजूबाजूच्या बायका बघतच राहिल्या. त्या शिवीने हे पळाले. ह्यांच्यासोबतचा वेल्डर डब्यासाठी मागे वळला. तो बाहेर आलाच नाही.

काका वही घेऊन पुन्हा कचेरीत गेले. तिथे विचारलं, वास गेला होता असं तुमच्याच बाया सांगतात, मग तक्रार कसली? त्या बायांत मीही होते. काकांच्या वहीत मीच तसं सांगून सही केली होती. अजून स्वतःची चीड येते.

हे वाचले, पण परवा चुलीशेजारी बसून असताना दूध करपून कोळसा झालं तरी ह्यांना पत्ता नाही. उद्यापासून कंपनी पुन्हा सुरू. आज सकाळी तवा तापत ठेवला आणि विचारलं, सुक्या बोंबलाचा वास येतो का हो?

"येतो की," म्हणाले. "मस्त भाजलेत."

बोंबील अजून डब्यातच होते.