रूळ नसलेल्या साइडिंगवर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. आमच्या घरात लिंबू-उतारे कधी चालले नाहीत. त्यात मी बी.एस्सी. फिजिक्स – घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, आणि हे अभिमानानेच सांगते. तेव्हा जे झालं तेवढंच लिहिते.

नाशिक रोडला वालदेवीच्या काठाने मालगाड्यांची एक जुनी साइडिंग होती, मुख्य लाइनीपासून फुटलेला फाटा. रूळ, स्लीपर कधीच उचलून नेले... आता मुरूम टाकून फिरायचा ट्रॅक केलाय. दर रविवारी सकाळी मी तिथे जायची, सायकल हातात धरून, शेजारी बाबा. बाबा रेल्वेत कीमन होते – रोज पायी रूळ तपासायचे, रूळ जखडणाऱ्या चाव्या सैल झाल्या की हातोड्याने ठोकायचे. आता ठार बहिरे, आणि वर्षभरापासून विसरायलाही लागलेत. दोनदा हरवले. शेवटी दादा म्हणाला, "फिरणं बंद. बाहेरून कडी लावायची."

"बाप आहे तो, शेळी नाही."

"मग तू सांभाळ चोवीस तास!"

एवढा एक रविवार तरी फिरू दे म्हटलं, आणि आम्ही दोघं निघालो.

साडेआठ वाजलेले, लख्ख ऊन. पुलाच्या अलीकडे बाबा थबकले.

"गाडी हाय. बाजूला हो!"

"बाबा, रूळच नाहीत इथे!"

त्यांना ऐकू कुठलं येतंय! दंड धरून मला उताराखाली ओढलं. सायकल ट्रॅकवर आडवी पडली. बाबा ट्रॅककडे तोंड करून उभे, एक हात आडवा – गार्डला 'सगळं ठीक' दाखवतात तसा. मान डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरत होती. आवाज नाही, वारा नाही. पाण्यात एक बगळा होता, तोही हलला नाही. माझ्या मनात एकच – दादाचं बरोबर आहे.

मिनिटभराने हात खाली आला. "गेली. चल."

सायकल उचलायला गेले, तर दोन्ही चाकं बाहेरच्या टोकाला चपटी. रिंग, टायर – दाबून पत्रा केल्यासारखी. मधल्या फ्रेमला, चेनला साधा ओरखडा नाही.

"ट्रॅक्टर गेला असेल," घरी सायकल बघून दादा हसला.

"मी तिथेच उभी होते, दादा."

दादा सातपूरला फॅब्रिकेशनमध्ये आहे. प्रेस मशीनशिवाय असं होत नाही, हे माझ्याआधी त्याला कळलं. त्याने टेप आणली, दोन चपट्या खुणांमधलं अंतर मोजायला बसला.

बाबा बघत होते. "मोजतो काय? पाच फूट सहा इंच."

टेपवर तेवढंच होतं. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर.

कॉलेजच्या सरांना फोटो दाखवले. म्हणाले, "याला काही टन वजन लागेल. आणि वजन असायला वस्तू असावी लागते."

बाहेरून कडी काही लागली नाही. आता रविवारी दादाही येतो. बाबा "बाजूला" म्हणाले की आम्हा तिघांत सगळ्यात आधी उताराखाली तोच असतो.