गिअरबॉक्सवर टेकवलेलं लाटणं

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. शेलूबाजारला आमचे हे स्वतःचा ट्रक अंगणातच दुरुस्त करायचे. एकदा गिअरबॉक्स खरखरू लागला. यांनी माझं लाटणं नेलं, एक टोक गिअरबॉक्सवर टेकवलं, दुसरं कानाला लावलं.

"पोळ्या कायनं लाटू?" मी चुलीपासून ओरडले. नेहमीप्रमाणे याही वेळी त्यांनी ओ दिली नाही. तणतणत बाहेर आले.

"तूच आयक वं," म्हणत त्यांनी लाटणं माझ्या हाती दिलं. क्लच दाबला की खरखर थांबे, सोडला की पुन्हा सुरू. खरखर जिथं जास्त ऐकू आली ती जागा मी दाखवली, तिथलं बेअरिंग त्यांनी बदललं.

मग इंजिन सुरू करून ते माझ्या तोंडाकडे पाहत बसले. तेव्हा कुठं मला उमगलं, त्यांचे कान कधीच गेले होते, अन् मी उगाच रुसत होते. खरखर गेली होती; मी हसून मान डोलावली. त्यानंतर त्यांना पाठीमागून कधी हाक मारली नाही.