साडूभाऊंचा पहिला नंबर

माझ्या साडूभाऊंइतक्या आनंदाने पुढचा नंबर सोडणारा माणूस अख्ख्या इंग्लंडात सापडणार नाही, आणि हे मी रांगांच्या देशात राहून सांगतो आहे. हातातली एक गोष्ट सोडावी आणि मागच्या दोन घ्याव्यात, हा त्यांचा धर्म. मिल्टन कीन्समध्ये स्टेशनजवळचं घर मिळत असताना त्यांनी सात राउंडअबाउट, म्हणजे सात गोल चौक, पलीकडचं घेतलं, कारण त्याला दोन गॅरेजं होती. गाडी एकच आहे. मंडळाच्या गणपतीत त्यांनी पहिल्या पंगतीतली आपली जागा एका भुकेल्या नागपूरकराला दिली आणि स्वतः शेवटच्या पंगतीला बसले, कारण शेवटी वाढपी हात आखडत नाहीत. तोवर श्रीखंड संपलं होतं. "पण मसालेभात दुप्पट," असं ते आजही शांतपणे सांगतात.

या धर्माची खरी कसोटी लागते ती ऑगस्टमध्ये, आमच्या दिवाणखान्यात. आम्ही आठ जण फुटबॉलची लीग खेळतो, अर्थात कागदावरची. डब्यातून चिठ्ठ्या काढून नंबर ठरतात आणि त्या क्रमाने एकेकाने खरे खेळाडू आपल्या संघासाठी उचलायचे. एकाने उचललेला दुसऱ्याला मिळत नाही. मग मोसमभर तो मैदानावर जे दिवे लावेल, त्याचे गुण आपले. नंबरांची आपसांत अदलाबदल चालते. त्यासाठी साडूभाऊंनी लॅपटॉपवर एक तक्ता केला आहे: पुढचा कुठला नंबर सोडला आणि मागचे कुठले दोन घेतले, तर फायदा किती. फायदा नेहमी होतो. संघ नेहमी सातवा येतो. मी एकदा हे लक्षात आणून दिलं, तर म्हणाले, "अरे, रिझल्ट वेगळा आणि व्हॅल्यू वेगळी."

यंदा पहिल्या नंबरची चिठ्ठी त्यांना आली आणि आठवी त्यांच्या लेकीला. ती इथेच जन्मली, इथेच वाढली आणि सप्टेंबरात शिकायला ग्लासगोला निघणार होती. एका स्ट्रायकरवर तिचा शाळेपासून जीव; तो पहिल्याच नंबरला जाणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. साडूभाऊंपुढे बोली लागल्या. मी तर माझा तिसरा आणि वर पुढच्या फेरीतला एक असे दोन देऊ केले. त्यांनी तक्ता पाहिला, मिशीवरून बोट फिरवलं आणि लेकीकडे वळले.

"तुझा आठवा दे, माझा पहिला घे."

"आणि वर काय?" मी विचारलं. नुसती अदलाबदल म्हणजे त्यांच्या धर्मात पाप.

"दर रविवारी अकरा वाजता फोन. टीमबद्दल बोलायचं. दहा मिनिटं."

"बाबा, सीरियसली, दिस इज अ टेरिबल डील," लेक म्हणाली. "तुला लॉस आहे यात."

"ते मी बघतो," म्हणत त्यांनी लॅपटॉप मिटला. भर खेळात तो मिटलेला मी प्रथमच पाहिला. मी चहा टाकायला उठलो.

ऑक्टोबरात त्या स्ट्रायकरचा गुडघा गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा मोसमही. त्या रविवारी साडूभाऊ साडेदहालाच आमच्या किचनमध्ये येऊन बसले, फोन समोर ठेवून. "आता कशाला करेल ती?" ते म्हणाले. "बोलायला टीम तरी कुठे उरली?" अकरा वाजले. सव्वाअकरा झाले. मी पोहे पुढे ठेवले, त्यांनी बाजूला सारले.

अकरा वीसला फोन वाजला. पन्नास मिनिटं चालला. खोलीतला हीटर, फोडणीत जळणारी मोहरी, फ्लॅटमधली कुणी रुसलेली मैत्रीण. फुटबॉलचं नावही निघालं नाही. बोलणं संपल्यावर त्यांनी फोन खिशात टाकला.

"तक्ता चुकला रे," ते म्हणाले. "मी दहाच मिनिटं धरली होती."

मग त्यांनी गार झालेले पोहे ओढून घेतले आणि सगळे संपवले. यंदा त्यांचा संघ आठवा आहे. मी अजून ते त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नाही.