मुठीखालचे डाग

आमच्या घरात एक जुनी तलवार आहे. असं सांगितलं की ऐकणारा जरा ताठ होऊन बसतो, आणि प्रत्यक्ष दाखवली की तेवढाच सैल पडतो. कारण ती तलवारीसारखी दिसतच नाही. सरळसोट, लांब, धार कधीच गेलेली, आणि पातं इतकं झिजलेलं की हातात धरून हलवलं तर टोक थरथरतं. मूठ साधी लोखंडी. सोनं नाही, खडे नाहीत. माझ्या बायकोनं लग्नानंतर ती देवघरात पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिला वाटलं, पडद्याची सळई कुणीतरी भिंतीला टेकवून ठेवली आहे. हे ती आबांच्या देखत बोलली नाही, म्हणून संसार टिकला.

आबा म्हणजे माझे वडील. आमचं घर धारूरच्या डोंगरकडेचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. मी एकटाच निघालो विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरणारा; धारूरच्या बाजारात माझं रिवाइंडिंगचं दुकान आहे. घरात सांगत आले ते असं, की महाराजांनी एकदा मोहिमेवरून परतताना आमच्या मेंढवाड्यात रात्र काढली, घोंगडीवर झोपले, आणि सकाळी निघताना आमच्या मूळपुरुषाला कमरेची तलवार काढून दिली. लहानपणी मी विचारलं होतं, मग राजा पुढं रिकाम्या हातानं लढला का? आबा म्हणाले, "राजाकडं काय एकच असती व्हय रे येड्या?"

मागच्या जयंतीला आबांनी आपणहून तलवार बाहेर काढली. मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढं ती धरायची, एवढीच त्यांची इच्छा होती. सकाळीच फेटा बांधून, तलवार घोंगडीत गुंडाळून ते चौकात गेले. मी सोबत होतो. मंडळाच्या अध्यक्षानं घोंगडी उघडून पाहिली आणि जरा अवघडून म्हणाला, "आबा, ही तर सरळ हाय. म्हाराजांची वाकडी व्हती. पुतळ्यात बघा की." मंडळानं नवी तलवार आणलीच होती, वाकडी, चकचकीत, मुठीवर लाल काच. "तुमी ट्रॅक्टरवर बसा फुडं. ही ठिवा घरी," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात आगाऊपणा नव्हता, म्हणून मला जास्तच राग आला. भांडायलाही जागा ठेवली नाही. आबा ट्रॅक्टरवर बसले नाहीत. घोंगडी गुंडाळली आणि घरी आले.

पुतळ्यात बघा म्हणे! पुतळा करणाऱ्यानं तलवार पाहिली ती कॅलेंडरावर. कॅलेंडर काढणाऱ्यानं पाहिली नाटकात. आणि नाटकवाल्यांनी जी भाड्यानं मिळाली ती नटाच्या कमरेला लावली. एवढ्या हातांतून आलेली तलवार वाकली नाही तरच नवल. पण हे मला सुचलं घरी आल्यावर, दात कोरताना.

त्या दिवसापासून आबांचं जेवण कमी झालं. दोन-तीन दिवसांनी दुकानात निघालो तर म्हणाले, "तू तार आणायला शहरात जातूस न्हवं? कुणा जाणत्याला इचार. ही खरी हाय का न्हाई, मला कळलं पायजे. खोटी असली तर खोटी म्हणून सांग. जल्मभर कशाला हात जोडले, एवढं तरी कळू दे मरायच्या आधी."

उन्हाळ्यात तांब्याची तार आणायला शहरात गेलो तेव्हा तिथल्या एका संग्रहालयात गेलो. तिथल्या जाणकार गृहस्थांना मोबाइलवरचे फोटो दाखवले. मला वाटलं, हसतील. ते हसले नाहीत. मला आत नेऊन त्यांनी काचेच्या पेटीतली एक तलवार दाखवली. मी बघतच राहिलो. आमचीच, फक्त अंगानं भरलेली. सरळ, लांब, साधी मूठ, रंग काळपट.

"ह्याला धोप म्हणतात," ते म्हणाले. "घोड्यावरून लांब पोचायला सरळच बरी. पाती पुष्कळदा समुद्रापलीकडून यायची, मूठ इथं चढवायची."

"मग महाराजांची अशीच होती?"

"छातीठोक कुणीच सांगू नये. पण रोज कमरेला लावायची असेल तर अशीच असण्याचा संभव जास्त. खडे दरबारात शोभतात."

मला तिथंच नाचावंसं वाटलं. मग त्यांनी फोटो मोठा करून मुठीखालची जागा पाहिली. "इथं काही अक्षरं आहेत का? परदेशी पात्यांवर करणाऱ्याची अक्षरं कोरलेली असतात. त्यावरून पातं कुठलं, साधारण कधीचं, हे सांगता येतं. महाराजांनी दिली का, हे त्यातून कळणार नाही, पण त्या काळातली आहे एवढं तरी ठरेल. असतील तर मी स्वतः बघायला येतो." फोटोत ती जागा ताटासारखी गुळगुळीत होती. निघताना ते म्हणाले, "आणि घासू नका हो. तेलाचं फडकं पुरे."

घरी येऊन मी आधी गोड तेवढंच सांगितलं. आबांचा चेहरा असा उजळला की मला त्यांचा जवानीतला फोटो आठवला. "सांग त्या अध्यक्षाला!" म्हणाले, चहा मागवला, दोनदा प्याले. मग विचारलं, "आनिक काय म्हणले?"

मी अक्षरांचं सांगितलं. आबांनी कप खाली ठेवला.

मग सांगू लागले. "रझाकारीत आज्ज्यानं तलवार मेंढवाड्यात पुरली व्हती, लेंड्यांखाली. काढली तव्हा गंजून काळीठिक्कर. मी ल्हान व्हतो. बाप म्हणला, खंडेनवमीला लख्ख निघाली पायजे. बाकी निघाली रे. मुठीखाली काळे डाग व्हते, ते निघंनात. लिंबू लावलं, राख लावली, इटकरीची भुकटी लावली. दर नवमीला तेच. निघाले तव्हा बापानं पाठ थोपटली माझी. म्हणला, माझ्या हातानं निघाले न्हाईत ते ह्यानं काढले."

मी मोबाइलवरचा मुठीखालचा फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

"ते वळीनं व्हते," आबा म्हणाले. "सारख्या अंतरानं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "डागच व्हते ना रे ते?"

हो म्हटलं असतं तर म्हातारा सुखानं झोपला असता. पण खोटी असली तर खोटी सांग, असं ज्यानं मला बजावून पाठवलं, त्याच्याशी मला खोटं बोलवेना. "नसावेत, आबा," मी म्हणालो. ते उठून मेंढरांकडे गेले. अध्यक्षाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, मलाही काढू दिला नाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्याकडे हत्यारं पुजतात. मी दुकानात पाने-पक्कड पुजून घरी आलो तर बायकोनं नेहमीसारखं ताट भरून ठेवलं होतं: लिंबू, राख, विटेची भुकटी. आबांनी ताट बाजूला सारलं. तेलाचं फडकं मागितलं आणि पात्यावरून एकदाच फिरवलं. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली.

कुंकवाचं बोट आम्ही नेहमी टोकाला लावतो. आबांनी तलवार मांडीवर आडवी घेतली आणि बोट मुठीखाली टेकवलं. त्याच्या शेजारी दुसरं. मग तिसरं, सारख्या अंतरानं. चौथं लावून थांबले, डोळे मिटून जरा आठवून पाहिलं, आणि पाचवं लावलं.