बेडरूममधली पाणबुडी

पाणबुडीत वीस वर्षं काढून मी एकदाही अडकलो नाही. अडकलो तो आवडी नावाच्या तमिळ उपनगरातल्या फ्लॅटमध्ये, तिसऱ्या मजल्यावर.

ही गेल्यापासून घरात आवाज असा कुकरच्या शिट्टीचाच. म्हणून मागच्या बेडरूममध्ये मी पाणबुडीचं संग्रहालय केलं. आपल्या देशाच्या पाणबुड्यांत माणसं कशी राहिली, हे लोकांना कळायला नको? जुने फोटो, झोपायचे अरुंद बंक, धोक्याचा भोंगा सगळं मांडलं. पाणबुडीला खिडकी नसते, म्हणून खिडकीवर प्लायवूड ठोकलं! लोखंडी दार करवून घेतलं, त्याला उघडायचं गोल चाक फक्त बाहेरून. ("आतून कशाला?" असं मीच म्हणालो होतो.)

रविवारी दहाची वेळ दिली, गेटवर तमिळ पाटी लावली, हॉलमध्ये पंचवीस खुर्च्या मांडल्या. अकरा वाजले तरी एक माणूस नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वेलचेरीहून लेक आणि नात यायच्या होत्या. "बाबा, निघालोच" हे तीनदा ऐकून झालं. रिकाम्या खुर्च्यांकडे बघवेना. फार एकटं वाटलं. शेवटी आत जाऊन फोटोंनाच माहिती सांगू लागलो. पाणबुडीत शिरलं की मागचं दार घट्ट लावायचं, ही हाडात मुरलेली सवय. लावलं, आणि खटका आपोआप बसला!

मोबाईल बाहेर खुर्चीवर. आणि आता बाहेर पावलं वाजली! मी दार बडवलं. घाबरल्यावर माझं तमिळ पार पळालं, तोंडातून मराठीच निघालं.

"अहो, उघडा! अडकलोय मी!"

बाहेर टाळ्या! मग भोंगा दाबला. टाळ्या दुप्पट!

"सूपर, सार!" शेजारचे सुब्रमणियम ओरडले. "एकदम रियल!"

"नाटक नाही हो हे! जीव गुदमरतोय!"

"वन्स मोर!"

तीन वेळा वन्स मोर झाल्यावर, लेकीबरोबर नुकत्याच पोचलेल्या नातीचा आवाज आला. "अम्मा, आबा ॲक्टिंग नाही करत. ते खरंच रडतायत!" तिनेच चाक फिरवलं.

मी घामाने थबथबलेला बाहेर पडलो. लोकांनी हात मिळवले, सेल्फी काढले आणि पाच मिनिटांत पांगले. फोटो कोणीच पाहिले नाहीत. संध्याकाळी लेक आणि नातही गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुब्रमणियम जिन्यात भेटले, तमिळमध्ये म्हणाले, "सार, नेक्स्ट संडे किती वाजता अडकणार? माझी बहीण येतेय, फॅमिलीबरोबर."

"दहा वाजता," मी म्हणालो.

दुपारी आतून चाक बसवायला मीच बोलावलेला माणूस आला. त्याला मी दारातूनच परत पाठवलं.