क्रूसावर टांगलेला मेन्यू

मित्राच्या मुलीचा साखरपुडा अमेरिकेत, फ्रिस्कोपासून तासाभरावरच्या एका फार्मवर होता. हिरवळीच्या मधोमध माझ्यापेक्षा उंच असा दगडी क्रूस उभा होता. त्याची एक भुजा फुटलेली, कोरीव काम झिजून गुळगुळीत झालेलं. त्यावर दिव्यांच्या माळा गुंडाळलेल्या, आडव्या भुजेला मॉकटेल्सचा मेन्यू टांगलेला आणि पायथ्याशी बर्फाची बादली.

मला वाटलं, प्लास्टरचा असेल. मालकाला विचारलं तर तो फुशारून म्हणाला, "अस्सल मध्ययुगीन आहे! आयर्लंडमधल्या एका खेड्यातल्या दफनभूमीतला. तिथं बेवारस पडला होता. आम्ही वाचवला म्हणायचं."

"आणि ज्याच्या थडग्यावर होता, तो माणूस?"

"त्याची अजून तक्रार आलेली नाही," म्हणत तो हसला.

माझं डोकंच फिरलं. आमच्या गावच्या वेशीवरचा वीरगळ असाच एका रिसॉर्टवाल्यानं उचलून नेला होता. तोही 'वाचवला'च म्हणत होता. मी आवाज चढवला तसा मित्र धावत आला. "यार, आज नको ना. माझ्या मुलीचा कार्यक्रम आहे."

मी जागेवर जाऊन बसलो. पण मित्राची आई, म्हणजे आमच्या काकू, शेजारीच बसल्या होत्या. नुकत्याच नागपूरहून आलेल्या. "काय झालं रे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

काकू उठल्या. सरळ जाऊन त्यांनी तो मेन्यू काढून टेबलावर उपडा ठेवला आणि माळा सोडवायला लागल्या. मालक धावला, "मॅडम, डेकोरेशनला हात लावू नका."

"त्याला विचार," काकू मला म्हणाल्या, "तुझ्या बापाच्या थडग्यावरचा दगड आणून मी त्यावर सरबताचे भाव टांगले, तर चालेल का?"

मी एक शब्दही सौम्य न करता इंग्रजीत सांगितलं. त्याचा चेहरा लाल झाला. क्रूसाजवळचं बारचं टेबल त्यानं झाडाखाली हलवलं. मित्र दिवसभर माझ्याशी बोलला नाही. काकूंना मात्र कोण काय बोलणार!

पुढच्या महिन्यात त्या फार्मची जाहिरात फोनवर दिसली. त्याच क्रूसाला गुलाबी निऑनची अक्षरं लावली होती आणि खाली नवरा-नवरी ग्लास उंचावून उभे होते. मी लांबलचक ईमेल लिहिला. उत्तर आलं: अभिप्रायाबद्दल आभार, पुढच्या बुकिंगवर दहा टक्के सूट.