उजव्या खांद्याकडचा सलाम

मी चौथी शिकले. पापडीच्या शाळेत झाडलोट आणि घंटा माझ्याकडे. केळीच्या वाड्या तोडून इमारती उठायला लागल्या, त्या वर्षांतली गोष्ट. मी चर्चला जाणारी, नमाज कसा असतो ते मला ठाऊक नव्हतं.

तिसरीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंपुढे जाऊन उभी राहिली. दुपारचा नमाज शाळेत पढू द्या म्हणाली. नुकताच शिकली होती, एकही चुकवायचा नव्हता.

मोठ्या बाई म्हणाल्या, "पढ. पण एकदा जरी घंटेनंतर वर्गात आलीस, तर बंद."

मी सामानाची खोली झाडून दिली. पोरगी नळावर हातपाय धुऊन आली आणि गोंधळली. "मावशी, पश्चिम कुठे?" ऊन तर डोक्यावर. मी भुईगावच्या बाजूला, समुद्राकडे हात केला.

दप्तरातली चादर पसरून ती उभी राहायची. अंगणातला गोंगाट मग कुठंतरी लांब जायचा. खिडकीबाहेरच्या केळीतून हिरवा उजेड फरशीवर यायचा, हलायचा. त्यात ती वाकायची, कपाळ टेकायची, उठायची. पाण्याखाली कुणी हळू फिरावं तशी. मी उजवीकडच्या दारात बसून बघायची. मला पेंग यायची, पण झोप नाही.

शेवटी ती माझ्याकडे मान वळवून काही पुटपुटायची. मला वाटायचं, मला सलाम करून झालं म्हणून सांगतेय. मी मान हलवायची आणि घंटेकडे निघायची.

एकदा मोठ्या बाई घड्याळ बघत आल्या. "वेळ झाली. घंटा द्या."

पोरीचं कपाळ अजून जमिनीवर होतं.

"तिनं मला सलाम कुठं केलाय अजून?" मी म्हटलं.

"तुम्हाला?"

"रोज करते. विचारा."

"नमाजात तुम्हाला सलाम? काहीतरीच तुमचं!" बाई हसायला लागल्या. तेवढ्यात पोरीनं मान वळवली. मी मान हलवली, जाऊन टोला दिला. ती चादर काखेत मारून पळाली आणि वर्गात बसली.

शाळा सुटल्यावर माझ्याकडे आली. "मावशी, तो सलाम तुम्हाला नसतो. खांद्यावर फरिश्ते असतात, त्यांना असतो."

"मग इतके दिवस मी मान कुणाला हलवली?"

"त्यांनाच."

"उद्यापासून नाही हलवणार."

"हलवा हो," ती घाईनं म्हणाली. "नाहीतर घंटा लवकर द्याल."